पाकीट घरी पोचलं, पण पोटात गेलं का? कुपोषित मुलांसाठी नव्याने काम सुरू करणाऱ्यांना

गोवंडीच्या शिवाजीनगरमधलं दहा बाय दहाचं घर. दुपारचा दीड वाजलेला. आई कामावरून नुकतीच आलेली, आणि लादीवर तीन भावंडं एका पाकिटाभोवती गोल करून बसलेली. कुपोषणावरच्या उपचाराचं, शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट कात्रीने उभं चिरलं होतं आणि मोठी दोघं बोटाने चाटत होती. ज्याच्यासाठी ते पाकीट होतं, तो दीड वर्षाचा धाकटा त्यांच्या पाठीमागे उभा होता. त्याच्या हातात आली ती रिकामी कड. माझ्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे आठवड्याची १४ पाकिटं ‘दिली’ अशी नोंद होती, आणि त्या घराने रिकामी पाकिटंही बरोबर १४ परत केली होती. तीन आठवडे वजन का हलत नाही, म्हणून मी डोकं धरून बसले होते.

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "ताई, एकट्याला कसं भरवू? ही दोघं तोंडाकडे बघत बसतात."

वस्तीत नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येक ताईला आणि दादाला मी हा प्रसंग आधी सांगते. पूरक आहार घरात पोचवणं सोपं आहे. घरातून मुलाच्या तोंडापर्यंतचं दोन हातांचं अंतर अवघड आहे, आणि आपलं बरंचसं काम त्या दोन हातांतच असतं. पुढे जे लिहिलंय ते त्या हिशेबाने वाचा.

आधी ओळखी करून घ्या

मुंबईत या कामाची दोन दारं आहेत आणि दोन्हींशी तुमची ओळख हवी. एक अंगणवाडी. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्यातली ही केंद्रं राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत. वजन-उंचीच्या नोंदी, घरी न्यायचा शिधा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा नाश्ता आणि गरम जेवण हे सगळं सेविकाताईंकडे. दुसरं दार महापालिकेचं: वस्तीतलं हेल्थ पोस्ट म्हणजे छोटं आरोग्य केंद्र, दवाखाना, तिथल्या आरोग्य सेविका आणि त्यांच्यामागे मोठी रुग्णालयं. लसीकरण, जंताच्या गोळ्या, आजारपण हे त्यांच्याकडे. मूल एकच असतं, पण त्याचे कागद दोन कपाटांत असतात. पहिल्याच आठवड्यात सेविकाताई आणि आरोग्य सेविका या दोघींसोबत बसा आणि दोघींच्या याद्या एकमेकींशी ताडून बघा. एका यादीत असलेलं आणि दुसरीत नसलेलं मूल हमखास सापडतं. बहुतेक वेळा ते भाड्याची खोली बदलून दोन गल्ल्या पलीकडे गेलेलं असतं.

सेविकाताईंना शिकवायला जाऊ नका. कुठल्या घरात कोण कधी असतं, कुठल्या सासूबाईंचं सून ऐकते, कोणाच्या नवऱ्याचं काम सुटलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं. दंड मोजायच्या तुमच्या टेपपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

पहिली पायरी: नजरेवर जाऊ नका, मोजा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी निघाली. म्हणजे राज्यातलं साधारण दर चौथं मूल उंचीच्या मानाने हडकलेलं आहे. वस्तीत एवढी मुलं बारीक असतात, की आपली नजर त्यांना सरावते. "आमच्या घरात सगळेच असे काटक" हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल आणि काही दिवसांनी तुम्हालाही ते पटू लागेल. म्हणून टेप.

दंडाचा घेर मोजायची रंगीत टेप ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण, ज्याला आपण बोलताना ‘सॅम’ म्हणतो. ११.५ पासून १२.५ च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम, ‘मॅम’. त्यापुढे हिरवा. डावा हात घ्या. कोपरात काटकोनात दुमडा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा, मग हात सैल सोडायला लावा आणि त्या खुणेवर टेप गुंडाळा. टेप कातडीला लागलेली असावी, पण रुतू नये. दंडाला काळा दोरा किंवा ताईत असेल तर तो हळूच वर सरकवा, तोडू नका. त्या दोऱ्यात घरच्यांची काळजी बांधलेली असते.

त्यानंतर पाय बघा. दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून धरा आणि सोडा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती कुपोषणाची सूज आहे, आणि टेप हिरवी दाखवत असली तरी ते मूल तीव्र कुपोषितच धरायचं. ही पायरी नवीन माणसं सर्रास गाळतात, कारण सुजलेलं मूल गुबगुबीत दिसतं. मानखुर्दच्या एका आजींनी नातवाचे गाल दाखवत मला सांगितलं होतं, "याला काय धाड भरलीय, बघा कसा भरलाय." पावलावर माझ्या अंगठ्याचे दोन खळगे तसेच राहिलेले पाहून त्या गप्प झाल्या. त्याच दिवशी आम्ही त्याला रुग्णालयात नेलं.

वजनकाट्याबद्दल माझ्याच हातून झालेली चूक सांगते. काटा रोज सकाळी शून्यावर आहे का ते बघायचं आणि घट्ट, सपाट जमिनीवरच ठेवायचा. मी एक महिना तो पोटमाळ्याच्या लाकडी फळीवर ठेवून वजनं घेतली, कारण खाली जागा नव्हती. फळी दबत होती. महिनाभराच्या नोंदी बाद कराव्या लागल्या आणि त्यातल्या एका मुलाची घसरण आम्हाला उशिरा कळली. आता माझ्या पिशवीत किलोभराचं मीठ असतं. काट्यावर आधी ते मीठ, मग मूल. उंचीचं सूत्र सोपं: दोन वर्षांखालचं मूल आडवं निजवून मोजायचं, त्यावरचं उभं करून.

दुसरी पायरी: घरी की रुग्णालयात

लाल टेप दिसली की लगेच पाकीट हातात द्यायचं नाही. आधी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पुढचं एकही लक्षण असेल तर तासाभराचाही उशीर नको: मूल काहीच पीत किंवा खात नाही, पोटात गेलेलं सगळं उलटून पडतं, झटके आलेत, ग्लानीत आहे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, अंग थंड लागतं, किंवा दोन्ही पावलांना सूज आहे. १०८ ला फोन करा, नाहीतर रिक्षा. अशा मुलाला भूक भागवावी म्हणून घरी पोटभर गोड-तुपकट भरवणं जिवावर बेतू शकतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही. म्हणूनच रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवात एफ-७५ या पातळ दुधाने, थोडं थोडं करत, रात्रीही भरवून होते. त्यात १०० मिलिलीटरला ७५ किलोकॅलरी असतात. मूल सावरलं की मग १०० किलोकॅलरीचं एफ-१००.

मूल सावध असेल, ताप-जुलाब-सूज काही नसेल, तर भुकेची परीक्षा घेतात. शांत कोपऱ्यात आई हात धुऊन, मुलाला मांडीवर घेऊन, न दटावता पेस्ट भरवते, सोबत पाणी. वजनानुसार ठरलेली किमान मात्रा मुलाने खाल्ली तर उपचार घरून चालतो. खाल्ली नाही तर दाखल करायचं. ही परीक्षा उरकू नका. अनोळखी जागा आणि चार माणसं भोवती, अशात मूल तोंड फिरवतंच. त्याला अर्धा तास द्या.

सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर ही पाकिटं त्याच्यासाठी मुळीच नाहीत. तिथे उपचार म्हणजे आईचं दूध आणि आईची तब्येत, आणि डॉक्टरांची भेट.

एक धोक्याची गोष्ट नेहमी लक्षात ठेवा. मुंबईच्या दाट वस्तीत वजन न वाढण्यामागे क्षयरोग असू शकतो. घरात कोणी जुना खोकला घेऊन बसलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आजोबा पडद्याआड झोपलेले असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही.

तिसरी पायरी: पाकिटात काय आहे, ते आधी स्वतः समजून घ्या

उपचारासाठीची तयार पेस्ट म्हणजे शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. तिच्यात पाणी नसतं, म्हणून फ्रिज नसलेल्या घरातही टिकते आणि जंतू सहज वाढत नाहीत. नेहमीच्या ९२ ग्रॅमच्या पाकिटात साधारण ५०० किलोकॅलरी असतात. मुंबईला तर हा पदार्थ परका नाही: सायन रुग्णालयाच्या धारावीतल्या आरोग्य केंद्रात, ज्याला लोक छोटा सायन म्हणतात, अशी पेस्ट तयार होत आली आहे. तिथे तिला मेडिकल न्यूट्रिशन थेरपी म्हणतात. आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाचीच ही मोजूनमापून केलेली बहीण आहे, असं मी आयांना सांगते. त्यांना ते पटकन कळतं.

मात्रा तुम्ही ठरवायची नाही, पण हिशेब समजलेला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे तीव्र कुपोषित मुलाला दिवसाला दर किलो वजनामागे १५० ते १८५ किलोकॅलरी लागतात. सहा किलोच्या मुलाला म्हणजे ९०० ते १,११० किलोकॅलरी, जवळपास दोन पाकिटं. आता मांडा: दोन पाकिटं तिघांत वाटली, तर त्या मुलाला उपचार मिळालाच नाही. मिळाला तो खाऊ.

चौथी पायरी: ते दोन हातांचं अंतर

इथे खरी मेहनत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाकिटाला खाऊ म्हणू नका. सरकारी चॉकलेट, पौष्टिक क्रीम अशी नावं तर अजिबात नकोत. ‘औषध’ म्हणा. त्या गोवंडीच्या आईला मी विचारलं, "तापाचं सिरप तुम्ही तिघांत वाटता का?" ती म्हणाली, "नाही, ज्याला ताप त्यालाच." मग पाकिटावर मुलाचं नाव आणि तारीख आम्ही जाड पेनाने तिथेच लिहिली. पुढे ती १४ पाकिटं गव्हाच्या डब्यात न ठेवता औषधांच्या पिशवीत, खिळ्याला उंच टांगली गेली.

पण नुसतं नाव बदलून भागत नाही. भावंडांचं पोट आणि मन दोन्ही खरं असतं. त्या घरात आम्ही दिवसाची वेळच हलवली. मोठी दोघं शाळेत जात तेव्हा, अकराच्या सुमारास, शेजारच्या मावशी धाकट्याला आपल्या घरात नेऊन अर्धं पाकीट भरवायच्या. पहाटे कामावर निघण्याआधी आई भरवायची, तेव्हा दोघं झोपलेली असत. संध्याकाळी मोठ्यांच्या हातात आधी चपातीचा लाडू किंवा मूठभर फुटाणे-गूळ पडायचा, मग धाकट्याचं उरलेलं. या वेळापत्रकात माझं काही नव्हतं. आई आणि मावशींनी दारात बसून पाच मिनिटांत ठरवलं. मी फक्त विचारलं की घरात शांतता कधी असते.

तुम्हीही हेच विचारा. आई जरीकामाला बसते की धुणीभांडी करायला बाहेर पडते? दिवसा भरवतं कोण, आजी की आठ वर्षांची ताई? जी खरोखर भरवते तिला शिकवा. नऊवारीतली आजी असो वा गणवेशातली पोर, पाकीट तिच्या हातात देऊन तिच्याकडून एकदा तुमच्यासमोर भरवून घ्या.

भरवायचे नियम थोडेच आहेत. हात साबणाने धुवा, मुलाचेही. अंगावर पिणारं मूल असेल तर आधी आईचं दूध, मग पेस्ट. पाकीट आधी बोटांनी चोळून घ्या, तेल वर आलेलं असतं. पेस्ट दुधात किंवा पाण्यात कालवू नका, चपातीला लावू नका. चमच्याने किंवा पाकिटातूनच, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. सोबत उकळलेलं स्वच्छ पाणी, कारण पेस्टने तहान लागते. उघडलेलं पाकीट तोंड दुमडून झाकणाच्या डब्यात, नाहीतर मुंग्या आणि उंदीर. आणि दिवसाची ठरलेली पाकिटं संपल्यावरच घरातलं दुसरं जेवण. शेंगदाण्याने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर पाकीट थांबवून तडक रुग्णालय.

गृहभेटीला सांगून जाऊ नका, पण धाड घातल्यासारखंही जाऊ नका. रिकामी पाकिटं मोजा, पण त्या आकड्यावर विसंबू नका; वर लिहिलेल्या १४ पाकिटांचा अनुभव लक्षात ठेवा. मुलाला भरवताना एकदा बघितलं की दहा पाकिटं मोजण्याइतकं कळतं. पेस्ट कुठे गेली हे कळलं, तर आईला रागावायचं नाही. एका आईने घरात दुसरं काहीच नव्हतं म्हणून रात्री ते पाकीट स्वतः खाल्लं होतं, आणि ती अंगावर पाजत होती. तिथे आमचं काम होतं रेशनकार्डाची खटपट करणं.

पाचवी पायरी: ताटातलं

पिवळ्या टेपच्या मुलांना बहुतेक वेळा पाकिटाची गरज नसते. त्यांचं ताट सुधारायचं असतं. लाल टेपचं मूल बरं झाल्यावरही याच ताटावर येतं.

अंगणवाडीतून मिळणारा शिधा नेमका ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातून दिवसाला किती किलोकॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत, याचे निकष ठरलेले आहेत. पण चव आवडत नाही म्हणून तो कोपऱ्यात पडून राहतो, कधी कोंबड्यांनाही जातो. करून दाखवा. त्यात कांदा-कोथिंबीर घालून धिरडं, गूळ-तूप घालून लाडू, मेथी घालून थालीपीठ. अंगणवाडीत दुपारी चार आया जमवून एक तवा ठेवला, तर तुमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम होतं.

मुलाचं पोट लहान असतं. पातळ वरणाचं पाणी आणि पेजेने ते भरतं, पण अंगाला लागत नाही. चमच्यावर ठेवलेलं अन्न खाली ओघळू नये इतकं घट्ट हवं. एका चहाच्या चमच्याभर तेलात किंवा तुपात साधारण ४० ते ४५ किलोकॅलरी असतात. मऊ खिचडीच्या वाटीत तेवढं घातलं की वाटी तीच, बळ जास्त. वर शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. अख्खे दाणे लहान मुलाला देऊ नका, ते घशात अडकतात. अंडं परवडणाऱ्या घरात रोज एक. कोळीवाड्यात आणि कोकणातल्या घरांत सुकट, जवळा असतोच. भाजून, काटे-कचरा काढून, दळून त्याची पूड भातावर चिमूटभर. नाचणीचं सत्त्व, मसूर, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू, यांतलं काहीच महाग दुकानातलं नाही. ९ महिने ते २ वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाणं, सोबत आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

चहात बुडवलेलं बिस्किट आणि पाच रुपयांचं चुरचुरीत पाकीट हे माझे खरे शत्रू आहेत. भूक तेवढ्यापुरती मरते आणि जेवणाच्या वेळी मूल तोंड फिरवतं. आजीला सरळ नाही म्हणू नका. चहाच्या वेळी त्याच हाताने केळं द्यायला सांगा. जाहिरातीतल्या डब्यातल्या पावडरींबद्दलही आया विचारतात. त्यांत साखर बरीच असते आणि पैसे त्याहून जास्त जातात. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका, असं केंद्र सरकारने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं. त्या पैशांत घरात महिनाभर अंडी येतात.

औषधांचं थोडक्यात

अ जीवनसत्त्व नऊ महिने पूर्ण झाल्यावर, मग १६ ते १८ महिन्यांत, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ डोस. जंताची गोळी वर्षाच्या वरच्या मुलाला वर्षातून दोनदा. एक ते दोन वर्षांना अर्धी. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर. पण तीव्र कुपोषित मुलाला वेगळं लोह आपल्या मनाने सुरू करू नका: सुरुवातीच्या दिवसांत ते बाधतं, आणि पेस्टमध्ये ते आधीच असतं. जुलाब झाले तर १४ दिवस झिंक, पण लाल टेपच्या मुलाला जुलाब लागले की ओआरएस किती आणि कसं, हे डॉक्टरांनाच विचारायचं, त्याच दिवशी.

सहावी पायरी: सोडायचं कधी

दर आठवड्याला वजन आणि टेप, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी. दोन आठवडे वजन जागचं हललं नाही तर कारण शोधायचं, आणि ते याच क्रमाने: पेस्ट पोटात जातेय का, घरात आजार आहे का, पाणी कुठलं आहे. टँकरचं किंवा गटाराजवळच्या नळीचं पाणी असेल तर तुमची पाकिटं जुलाबात वाहून जातील. पाणी उकळणं किंवा क्लोरीनचे थेंब, याची चौकशी दर भेटीला करा.

टेप सलग दोन भेटींत १२.५ किंवा त्यावर आली, आणि सूज दोन आठवडे नाही, म्हणजे मूल उपचारातून बाहेर. वजनाच्या आकड्याला भुलून आधी सोडू नका. सोडताना आईच्या हातात कार्ड द्या, त्यावर शेवटचं वजन, टेप आणि तुमच्या आरोग्य केंद्राचं नाव. मे महिन्यात, गणपतीत, दिवाळीत अर्धी वस्ती गावाला जाते आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. निघायच्या आधी पाकिटं मोजून बरोबर द्या, सेविकाताईंना अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवर मुलाचं स्थलांतर नोंदवायला सांगा, आणि गावच्या अंगणवाडीचं नाव विचारून वहीत लिहून घ्या.

बरं झालेलं मूल पुढचे सहा महिने दर महिन्याला टेपखाली यायला हवं. त्यात जून ते सप्टेंबरचे महिने आले तर पंधरवड्याला या. पाणी तुंबलेल्या गल्लीतून जाणं नको वाटतं, पण मूल घसरतं ते याच दिवसांत. त्या गोवंडीच्या धाकट्याचा दंड पहिल्या पावसात १२.७ वरून १२.३ वर आला होता. मावशींनीच मला निरोप पाठवला, कारण टेप कशी धरायची ते आता त्यांना येत होतं आणि मी एक टेप त्यांच्याकडे ठेवली होती. तुम्हीही प्रत्येक गल्लीत एक टेप अशी कोणाकडे तरी ठेवून या.